आजोबांनी उचललेलं नाणं

पैज स्वरालीताईनं लावली होती, आजी, आणि मी गाढवासारखा हो म्हणून बसलो — कसली काय, सांगतो ना, तू आधी बाकावर टेक, म्युझियम दहाला उघडतं, दहा म्हणजे दहा, हे जर्मन लोक आहेत, पाच मिनिटं आधी दार उघडलं तर यांना ताप येतो. तर पैज. दोन वर्षांपूर्वी तू आणि आजोबा आमच्याकडे कायझर्सलाउटर्नला आलात ना, तेव्हाची. ताई म्हणाली, वेद, तू काय कुणालाही फसवशील, पण आजोबांना, आत्माराममास्तरांना, फसवून दाखव. बाबांच्या लहानपणापासून कुणाला जमलं नाही म्हणे. मी त्यांच्या चहात मीठ घातलं, तर ते अख्खा कप प्यायले आणि म्हणाले, छान झालाय, आता तूही घे. चपलेत रबरी पाल ठेवली तर तिलाच विचारलं, बाई, शाळा सुटली का तुझी? हस ना, हस. मग काय, हरलो. हरलोच म्हण ना.

तो नाण्याचा करंडा दे माझ्याकडे, मी धरतो — बरं, नको, राहू दे तुझ्याच मांडीवर. पण घट्ट धरू नकोस इतका.

तू त्या दिवशी नव्हतीस ना इथे, गुडघा दुखत होता तुझा. मी आणि आजोबाच आलो होतो. ते पलीकडे लाल विटांच्या उंच भिंती दिसतात ना, तिथे. रोमन लोकांचं हे अख्खं शहर होतं इथे. आजोबांनी गेटापाशीच चपला काढल्या. म्हणलं, आजोबा, हे देऊळ नाही, न्हाणीघर आहे, राजाचं असलं म्हणून काय झालं? तर म्हणाले, तीस वर्षं कराडात फळ्यावर काढलंय रे हे, आता चपला घालून कसा जाऊ? अनवाणी फिरले. प्रत्येक कमानीला हात लावायचे आणि मला सांगायचे, इथून गरम हवा यायची, इथून पाणी. आमच्या शाळेतल्या बाईंना पण एवढं माहीत नाही. मला तर काहीच माहीत नाही, मी इतिहासात दोनदा नापास.

हो, तिथेच सापडलं त्यांना ते नाणं. भिंतीच्या बुडाशी, मातीत. मी कमानीमागे होतो — लपलो नव्हतो, असाच उभा होतो. त्यांनी वाकून बघितलं, मग पाय ठेवला त्याच्यावर. आजोबांनी, आजी! आजूबाजूला बघितलं आणि रुमालात गुंडाळून खिशात घातलं. परत येताना ट्रेनमध्ये माझा हात धरून बसले होते. कधी धरायचे ते? मी सांगणारच होतो — म्हणजे, विचारणार होतो, काय झालं म्हणून. पण त्यांचा चेहरा असला काही झाला होता ना, म्हणलं उद्या. उद्याचं परवा झालं, आणि रविवारी तुमचं विमान.

मला काय माहीत ते तिकडे जाऊन झुरतील? जायच्या आधी ते तुला सांगत होते ना, खडू खिशात घालणाऱ्या पोराला मी वर्गाबाहेर उभं केलं, आणि स्वतः दुसऱ्याच्या देशातून नाणं उचलून आणलं, परत देऊन ये. आजोबा गेल्यावर बाबांनी कराडहून फोनवर हे सांगितलं तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन बसलो. कुणाला कळलं नाही. आणि तू खरंच आलीस. गुडघा घेऊन, एकटी, विमान बदलून.

ती आजोबांची चिठ्ठी नको वाचूस परत, पाठ झालीय मला. आणि काल रात्रीपासून तू एकच सांगतेयस, वेद, तू जर्मनमध्ये नीट समजावून सांग, पण त्यांना चोर म्हणू नकोस. कसं सांगू? काउंटरवरची बाई हातात घेईल आणि हसेल. एका मिनिटात कळेल तिला. तसली नाणी तिथेच खाली दुकानात ट्रेमध्ये असतात, पोस्टकार्डांच्या शेजारी. कडेला बारीक अक्षरांत नक्कल म्हणून लिहिलेलं असतं, ते कानशीनं घासलं की जातं. मग मीठ आणि व्हिनेगर, आणि दोन आठवडे बाल्कनीतल्या कुंडीत. आई ओरडत होती बघ, व्हिनेगर कुठे गेलं सगळं —

आजी, माझ्याकडे बघ. नाही, दाराकडे नको, उघडू दे त्यांना. आजोबांनी कुणाचं काही घेतलं नाही. ते नाणं मी टाकलं होतं तिथे.