पोदेर रजेवर होता तेव्हाचे मफिन

तुम्हाला खोटं वाटेल, पण धारगळच्या आमच्या घरात मी इंग्लिश मफिन केले ते निव्वळ सासऱ्यांच्या धाकानं. दारावर पाव घेऊन येणारा आमचा पोदेर तीन दिवस रजेवर होता आणि मामंजींना पावाशिवाय चहा उतरत नाही. दुकानातला स्लाइस ब्रेड पुढे ठेवला तर म्हणाले, "ह्यो कापूस माका नको." वर रोज सकाळी मला गेटवर पिटाळायचे, "पोदेराचो हॉर्न वाजलो काय बघ." तोवर माझा चहा निवून जायचा.

शेवटी मोबाइलवर बघून पीठ भिजवलं. हे मफिन तव्यावरच भाजतात म्हटल्यावर मी निर्धास्त होते. पहिले चार तव्यावर टाकले आणि सवयीनं त्यांच्यावर पाण्याचा हात फिरवला.

"आई, ती भाकरी नव्हे," माझी मुलगी गौरी म्हणाली.

आता काय करणार? उलटले, झाकण ठेवलं आणि देवाचं नाव घेतलं. निघाले ते वरून कडक, आतून मऊ. फोटोतल्यासारखे अजिबात नव्हते.

मामंजींनी एक मोडून चहात बुडवला आणि खाल्ला. मग दुसरा उचलला. 

"म्हणजे पोदेर इलो," ते म्हणाले. "हॉर्न कसो ऐकाक नाय इलो? त्येका सांग, रोज असलेच दी म्हणून."

गौरी माझ्याकडे बघायला लागली. मी "सांगते" म्हटलं, खुर्ची ओढली आणि तीन दिवसांनी माझा चहा गरम असताना प्यायले.