पोचायची अडचण

संभाजीनगरच्या सातारा परिसरात टँकरच्या पाण्यासाठी रांग लागली होती. मनकर्णाबाईंच्या मागं स्वरदा खोकत होती. पुढं उभ्या कालिंदीबाईंनी हंडा टेकवला आणि कान मागं लावले.

“पोरी, तू फ्लूचंच औषध बनवती ना?” मनकर्णाबाईंनी वळून विचारलं.

“हो मावशी. आरएनएचा बारीकसा तुकडा असतो. तो पेशीत शिरला, की विषाणूला स्वतःच्या नकलाच काढता येत नाहीत.”

“मंग घ्यायचं की दोन थेंब!”

“प्रयोगशाळेतल्या बशीत चालतं हो. माणसाच्या फुप्फुसात पोचायच्या आधी वाटेतच तुटतं.”

“म्हंजी आपल्या पाईपलाईनीवाणी. धरणात पाणी हाय, नळाला नाय.”

“अगदी तसंच. म्हणून आता चरबीच्या थेंबात भरून पाठवायचं बघतोय.”

“टँकरच की गं त्यो!”

“टँकरच.”

“मंग बस खोकत,” पुढून कालिंदीबाई म्हणाल्या, “ त्यो आधी नगरसेवकाच्या घरी रिकामा व्हईल.”