राखीव जागा आणि सावंतकाकू

लोकांना विचारलं की लोकमत कळतं, असं मी अमेरिकेत शिकून आलो होतो, यार. पंचाऐंशी साली मी आणि माझा मित्र कांबळे घाटकोपरच्या एका चाळीत दारोदार फिरून मतं गोळा करत होतो. मुख्य प्रश्न एकच, राखीव जागा हव्यात की नकोत?

संध्याकाळी फॉर्म जुळवले, तर सावंतकाकूंच्या खोलीत आम्ही दोघंही चुकून वेगवेगळे जाऊन आलेलो. माझ्या फॉर्मवर ‘नकोत’, कांबळेच्या फॉर्मवर ‘हव्यातच’. मी हादरलो.

कांबळे शांतपणे म्हणाला, “तुलाही आधी आडनाव विचारलं का रे?”

विचारलं होतं. मी जोशी.

त्याला घेऊन तसाच काकूंकडे गेलो. “काकू, आमची सगळी पाहणी फुकट जाईल. यातलं खरं उत्तर कुठलं?”

“दोन्ही लिही की. दारात आलेल्या माणसाला कशाला दुखवायचं?”

“पण तुमचं स्वतःचं मत काय?”

काकू आत वळून म्हणाल्या, “अहो, ऐकलंत का? राखीव जागांबद्दल माझं मत काय हो?”