डॉक्टरांच्या गाडीखालचा शाफ्ट

मी, गॅरेजात व आसपास 'चौदा' म्हणून ओळखला जाणारा (सारखा चौदा नंबरचा पाना मागतो म्हणून), वय २३ वर्षे, धंदा मोटार मेकॅनिक, शिक्षण सातवी नापास, राहणार गॅरेजचा माळा, मूळ घर येथून दोन दिवसांच्या प्रवासावर. ठाण्यात बोलावल्यावरून येऊन खरे ते सांगतो की,

मी सदर गॅरेजात आठ महिने आहे. त्याआधी तीन गॅरेजे सोडली. मालकांना आम्ही सगळे मामा म्हणतो. माझ्यावर अ‍ॅल्युमिनियमचा शाफ्ट चोरल्याची तक्रार दातांच्या डॉक्टरांनी दिली आहे. गुन्हा लिहिला गेला तर माळा खाली कर, असे मामांनी सांगितले आहे. शाफ्ट म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा लांब दांडा, हे हवालदारसाहेबांनी विचारल्यावरून सांगितले.

डॉक्टर रविवारी शर्यतीत गाडी पळवतात. वजन कमी व्हावे म्हणून त्यांनी मागचे सीट, खालचा गालिचा व ॲशट्रेचे झाकणसुद्धा काढले आहे. मंगळवारी सकाळी दहाला ते अ‍ॅल्युमिनियमचा शाफ्ट घेऊन आले. तो आठ दिवस दवाखान्यात पेशंटना बघायला उभा करून ठेवला होता. मामा म्हणाले, "साहेब, तुम्ही इंजिनाची ताकद दुप्पट केलीय. गाडी खाली दाबलीय, रस्त्यात दगड. तुमचा स्टीलचाच बरा." डॉक्टर म्हणाले, "मामा, तुमचं लोखंडाचं युग संपलं. हा निम्म्या वजनाचा आहे."

मी शाफ्टवरून हात फिरवला. मधोमध अंगठ्याएवढा पोचा होता. दवाखान्यात एकदा आडवा झाला होता, असे डॉक्टर म्हणाले. "साहेब, हा जोरात फिरला की तिथेच पिळवटेल," असे मी बोललो. "तू सातवी नापास ना? दाताला कीड लागली तर मी तुला विचारतो का?" असे ते म्हणाले. शनिवारपर्यंत बसवला नाही तर गाडी दुसरीकडे नेतो, असेही म्हणाले. दुसरीकडे लगेच बसवून देतात, हे मला माहीत आहे.

माझ्या मोठ्या भावाच्या टेम्पोच्या शाफ्टला असाच पोचा होता. मी चालेल म्हटले होते. तो घाटात तुटला. त्यानंतर मी घरी राहिलो नाही.

शुक्रवारी मामा जेवायला गेले असता मी जुनाच स्टीलचा शाफ्ट घासून, चंदेरी रंग मारून, परत बसवला. रंग मारला हे कबूल आहे. गिऱ्हाइकाचा एक नटसुद्धा गॅरेजात ठेवायचा नाही, गाडीला न लागलेला पार्ट डिकीत ठेवायचा, असा मामांचा नियम आहे. म्हणून अ‍ॅल्युमिनियमचा शाफ्ट वर्तमानपत्रात गुंडाळून, सुतळीने बांधून, डिकीत दवाखान्याच्या बॅनरखाली तिरका ठेवला. शनिवारी गाडी देताना, "उरलेला शाफ्ट डिकीत आहे, बघून घ्या," असे सांगितले. "भंगार काय बघायचं?" असे ते म्हणाले.

गाडी एक चक्कर मारून आणल्यावर ते म्हणाले, "बघा मामा, पाय ठेवताच कळतं. पीस झालीय पीस!" मामांनी वाकून गाडीखाली पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, आणि चहा सांगितला.

रविवारी डॉक्टर पहिले आले. हलक्या शाफ्टवर त्यांनी माइकवरून भाषण केले. नंतर शर्यतीच्या तपासनिसाने शाफ्टला लोहचुंबक लावला, तो चिकटला. लोक हसले. सोमवारी तक्रार झाली.

आज अकरा वाजता ठाण्याच्या आवारात सर्वांसमक्ष डिकी उघडली. शाफ्ट जागेवर होता, सुतळीची गाठ माझीच होती. म्हणजे डॉक्टर दोन्ही शाफ्टचे ओझे घेऊन पहिले आले, असे हवालदार म्हणाले. ते मी म्हटलेले नाही.

डॉक्टर म्हणाले, "मग चोरी नको, फसवणूक लिहा."

हवालदार म्हणाले, "लिहितो की. पण मग फसवणारा शाफ्ट जप्त करावा लागेल, गाडीखालचा. तुम्ही हा दुसरा लावा आणि पळवा गाडी रविवारी."

येत्या रविवारची शर्यत डोंगरातली आहे. डॉक्टर खाली बसले. सुतळी सोडून पोच्यावरून बराच वेळ अंगठा फिरवला. दात तपासतात तसा. मग म्हणाले, "माझी तक्रार नाही." जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "चौदा, तो चंदेरी रंग तेवढा काढू नकोस. दवाखान्यात फोटो लागलाय."

मामा बाकावर बसले होते. "उरकलं असेल तर चल. दोन क्लच पडलेत," एवढेच म्हणाले.

हा जबाब हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितला तसाच उतरला आहे. भावाची ओळ कामाची नाही, खोडू का, असे त्यांनी विचारले. राहू द्या म्हटले. तीही बरोबर आहे.