मूर्ती कलू नये म्हणून बसवलेला बार

नाव दत्तात्रेय गोविंद टिपणीस, वय ५४, शिक्षण एम.ए. संस्कृत, धंदा वार्ताहर, राहणार वरसे, ता. रोहा, जि. रायगड.

पेण पोलीस ठाण्यात स्वतः येऊन, विचारल्यावरून सांगतो की, मूर्तिकार दर्शना घरत, पेण यांनी तुटका हात चिकटवलेली गणेशमूर्ती विकली, असा फसवणुकीचा अर्ज माझा पुतण्या सुशील याने दिला आहे. थोरले बंधू सुभाष, त्यांचा हा मुलगा व मी एकत्र राहतो. आमचा गणपती दरवर्षी घरतांच्या कारखान्यातून येतो. मूर्ती मांडीवर धरून आणायची व उंबरठ्यापर्यंत तिच्यावरचे वस्त्र काढायचे नाही, अशी घरची रीत आहे. मांडी माझी असते.

यंदा सुशीलने रामवाडीच्या गॅरेजात गाडीची उंची कमी करून ती खाली बसवली, कडक स्प्रिंग घातल्या व मागे जाड स्वे बार लावला. हा दोन्ही बाजूंच्या चाकांना जोडणारा लोखंडी दांडा असून वळणावर गाडीला हेलकावा घेऊ देत नाही. मी 'दोलन' सांगितले होते, हवालदारांनी 'हेलकावा' लिहिले. मेकॅनिक नितेश माझ्यासमोर म्हणाला, "हायवे पुरा झाला की मजा येल. तवर बार बारीक घ्या नि शॉक मऊ ठेवा. एक चाक खड्ड्यात गेलं की हा दुसऱ्यालापण हिसका देतो." सुशील मला म्हणाला, "काका, बाप्पासाठीच केलंय. वळणावर मूर्ती हलणार पण नाय." मी विचारले, "पेण ते रोहा वळणं जास्त की खड्डे?" तो हसला.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी दुपारी दर्शनाबाईंनी मूर्ती चारी बाजूंनी फिरवून दाखवली. आशीर्वादाच्या हातावर टिचकी मारली. "नीट बघून घ्या काका. मंग म्हनाल, बाईनं फसवलं." मी पाहिली. हात अखंड होता. त्यांनी वस्त्र बांधून मूर्ती माझ्या मांडीवर ठेवली.

वडखळच्या वळणावर गाडी जराही कलली नाही. सुशीलने माझ्याकडे पाहिले. मी मान डोलावली, कारण ते खरे होते. पुढे रस्ता उखडलेला आहे. डावे चाक खड्ड्यात जाऊन गाडी आपटली तेव्हा वस्त्राच्या आत काही तुटल्याचे माझ्या तळव्याला कळले. मी तसे बोललो. सुशील म्हणाला, "अभद्र बोलू नका." वेग त्याने कमी केला नाही.

घरी वहिनींनी वस्त्र सोडले, तेव्हा मूर्तीचा आशीर्वादाचा हात वस्त्रातच राहिला. सुशीलने फोनवर चित्रण करून, घरतांनी चिकटवलेली मूर्ती दिली म्हणून सगळीकडे पाठवले. चतुर्थीला घरी मूर्तीऐवजी सुपारीवर पूजा झाली. पेणला आदल्याच संध्याकाळी ते चित्रण पाहून लोक घरतांकडे ठरवलेल्या मूर्ती न नेता परतले. दर्शनाबाईंचा मला फोन आला. "काका, तुमी तर बगितला व्हता ना?" एवढेच त्या म्हणाल्या.

काल बंधू म्हणाले, "दत्तू, आधीच चिरलेली वाटली, एवढं सांग. घरचं पोर आहे. पेपरात तरी सगळं खरंच लिहितोस का?" या प्रश्नाचे उत्तर मी दिले नाही, येथेही देत नाही.

मूर्ती दर्शना घरत यांनी अखंड दिली. ती आमच्या गाडीत तुटली.

हे सर्व हवालदारांनी मोठ्याने वाचले. मी सांगितले तसेच आहे. बंधू बाकावर बसून ऐकत होते. वाचन संपताच उठून, "संध्याकाळी आरतीला येऊ नकोस," असे म्हणाले. तेही माझ्या विनंतीवरून लिहून घेतले आहे व बरोबर आहे.