चौथ्या भावाचा घास

ऐका. शेकोटीत लाकूड सारा, आन् मधी कुनी उठायचं न्हाई. ज्याला जायचंय त्यानं आत्ताच जाऊन या.

बडोद्याचा दौलत शितोळे. मूळ आपल्याच गावचं, पन आज्या-पंज्यानं गाव सोडल्यालं. हा घराण्याची वंशावळ जुळवाय आल्याला. चार भाऊ व्हते, धाकट्याच्या वंशातला हा. तिघांची नावं सापडली, चौथ्याची जागा रिकामी. तिकडं बाप अंथरुणाला खिळल्याला. बाप म्हनला व्हता, "दौलत, तेवढं नाव आण. मग मी सुखानं डोळे मिटतो." मग पोरगा जीव तोडून फिरनारच की!

कुनीतरी सांगितलं, ओढ्यापल्याड जुन्या पांढरीत, जिथनं गाव उठलं तिथं, शितोळ्यांचा एक दगड हाय. अक्षरं पार झिजल्याली. दौलत हुशार! म्हनला, दिवसा दिसायची न्हाईत. अंधारात ब्याटरी आडवी धरून वर पीठ चोळलं की अक्षर उठतं. सोनाकाकीकडं उतरला व्हता, तिच्याकडंच वाटीभर पीठ मागितलं.

"रातचं पीठ घिऊन कुठं निघालास, बाळा?"

"जुन्या पांढरीत, काकी. लगेच येतो."

"त्या वाटंनं सांजंनंतर कुत्रंबी जात न्हाई. सकाळी जा."

"बाबांच्या किती सकाळी उरल्यात, काकी, कोण सांगणार?"

वाटी उचलली आन् गेला.

वारं सुटल्यालं. पीठ दगडावर ठरंना. मग ह्यानं काय केलं? बाटलीतलं पानी वतलं, पीठ कालवलं, थापलं. आन् अक्षरं उठली! मोठ्यांदा वाचलं, "राणोजी शितोळे!" आनंदानं डोळ्यांत पानी आलं बिचाऱ्याच्या. "आजोबा, मी दौलत! तुमच्या धाकट्या भावाचा वंशज!" उरल्यालं पीठ वाया कशाला, म्हनून गोळा करून दगडाच्या पायाशी ठेवलं.

अरं, काय केलंस हे! वल्या पिठाचा गोळा, वर मेल्याचं नाव, वर नातं. आपल्यात त्याला काय म्हनत्यात? पिंड! दिवसा ठेवला तर कावळा शिवतो. रातचं कोन शिवनार?

खाली बघतो तर गोळा गायब.

अंधारातनं आवाज आला, "अजून."

वाटीला चिकटल्यालं खरवडून टाकलं. मचामचा खाल्ल्याचा आवाज. "अजून." ब्याटरी फिरवली. आन् बघितलं! उभा मानूस, गळा ह्या कानापासनं त्या कानापतोर चिरल्याला. खाल्ल्यालं पीठ त्या चिरंतनं छातीवर गळतंय. पोट भरायचं कसं?

"तिघा भावांनी मला धरलं," तो म्हनला. "धाकट्यानं विळा फिरवला. तू धाकट्याचा."

दौलत पळाला. पळतोय, पळतोय, आन् फिरून त्याच दगडापाशी! परत पळाला, परत दगड! मग पाय धरून वढला त्यानं. तोंड दगडावर आपटलं, दात पडलं. बाभळीच्या काट्यातनं फरफटत नेला, पाठीची सालटी निघाली. "काकी! सोनाकाकी!" वरडला. वरडनाऱ्या तोंडात त्यानं माती कोंबली. मग उजवा हात धरला. ज्यानं पीठ कालवलं तोच हात. अंगठा दातात घेतला, आन् कडाककन...

बसा रं! उठायचं न्हाई म्हनलं व्हतं ना!

अंगठा तोडला. गिळला. आन् गिळल्याला चिरंतनं खाली पडला. तो वाकला, अंधारात चाचपाय लागला. भुकेल्याला घास सोडवंना. तेवढ्यात दौलत उठला, रगतानं माखल्याला, ओढ्यात उडी टाकली आन् अल्याड आला. हाक ऐकून काकी कंदील घिऊन काठावर उभी व्हती, तिच्या पायावरच पडला.

वाचला. बडोद्याला गेला. बापानं इचारलं, "नाव मिळालं?" आता कुठल्या तोंडानं घ्यायचं ते नाव? ह्यानं नकाराची मान हलवली. बाप तळमळतच गेला.

दहाव्याला भटजी म्हनले, "वडलांना पाणी सोडा. अंगठ्याकडून." पितरांचं पानी अंगठ्याकडनंच सोडत्यात, ठावं हाय ना? दौलत नुसता हाताकडं बघत बसला. मग रडला, लय रडला. राणोजी तिथं घासाविना बसल्याला, त्यानं ह्याच्याबी बापाचं पानी तोडलं.

तवा त्या वाटंनं रातचं कुनी जायचं न्हाई. आन् महिपती शितोळ्या, हसू नगंस. तू तर दिवसाबी जाऊ नगंस.