शेवटचा अर्धा पीळ

अखिल अस्थिमंडलाचे अधिपती, भग्नसंधींचे त्राते, विभागीय अंदाजपत्रकावर अंतिम कात्री चालवण्याचा अनन्य अधिकार असलेले आमचे अधीक्षक आणि आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष महोदय. व्यासपीठावर विराजमान, आणि खुर्च्या कमी पडल्यामुळे काही अंशी अर्धविराजमान असलेले मान्यवर. मणका, कटी, जानू, गुल्फ इत्यादी स्वतंत्र संस्थानांचे सर्व शल्यविशारद संस्थानिक. ज्यांच्या एका भुवईवर आमचे शस्त्रक्रियागृह चालते त्या मुख्य सिस्टर. सत्कारमूर्ती मोठ्या बाई. पहिल्या रांगेतून माझ्याऐवजी घड्याळाकडे पाहत असलेले बाईंचे यजमान. आणि भाषणांनंतर चहा आहे या एकमेव आश्वासनावर तग धरून बसलेल्या बंधुभगिनींनो,

मी या रुग्णालयाचा भूलतज्ज्ञ. ज्याचे काम उत्तम झाले की रुग्णाला तो मुळीच आठवत नाही, असा हा व्यवसाय. त्यामुळे एवढे लोक जागे असताना बोलण्याची मला सवय नाही. बाई मला पहिल्या दिवसापासून 'भूलराज' म्हणतात. ही पदवी की उपहास, हे विचारण्याचे धैर्य मला अद्याप झालेले नाही.

बाईंनी किती हाडे जोडली, याचे कीर्तन माझ्या आधीच्या वक्त्यांनी केले आहे. मी एकाच मनगटाविषयी बोलणार आहे. ते बाईंचे स्वतःचे.

तत्पूर्वी दोन गोष्टी सांगणे क्रमप्राप्त आहे. पहिली, बाईंचे प्रवचन. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी बाई रुग्णाच्या खाटेवर बसतात, खुर्चीवर कधीही नाही, आणि सांगतात, "हाड जोडणं हे सुतारकाम. ते आम्ही करू. हाड जुळणं ही शेती. तिला लागायचा तेवढा वेळ लागणार. तिसऱ्या दिवशी दुखेल, तेव्हा मला शिव्या द्याव्याशा वाटतील. द्या. पण बोटं हलवत द्या." आणि शेवटी, उठता उठता, "ऑपरेशन चांगलं झालं म्हणजे हात पहिल्यासारखा झाला, असं मात्र नाही हं." नातेवाईक या वाक्याचा पूर्वार्ध ऐकतात आणि पेढ्यांच्या दुकानाकडे धावतात. उत्तरार्ध खाटेपाशीच पडून राहतो.

दुसरी गोष्ट, बाईंचा शब्द: 'थांबा'. आमच्या थिएटरमध्ये हा शब्द कोणीही उच्चारू शकतो. सर्जन, सिस्टर, अगदी फरशी पुसणाऱ्या मावशीसुद्धा. शब्द कानी पडला की ड्रिल थांबते आणि आधी पाहिले जाते. शंका खोटी ठरली तरी विचारणाऱ्यावर डोळे वटारायचे नाहीत. अधिकार नाही तो फक्त टेबलावरच्या माणसाला. हात तेवढा बधिर केलेला रुग्ण जागा असतो. त्याला प्रत्येक आवाज भयंकर वाटतो, तो प्रत्येक वेळी थांबा म्हणेल. म्हणून नियम असा की रुग्णाने भूलतज्ज्ञाला सांगावे, आणि बोलायचे की नाही हे भूलतज्ज्ञाने ठरवावे. हा नियम बाईंचाच. तो एक दिवस कोणाच्या मानेवर बसणार आहे, याची त्यांना कल्पना असती, तर त्यांनी त्यात एखादे पोटकलम नक्की घातले असते.

तर मागच्या वर्षी, बाह्यरुग्ण विभागाच्या दारात, 'फरशी ओली आहे' या फलकाला वळसा घालून जाताना बाई पडल्या. उजव्या हातावर. उठल्या, हात झटकला आणि स्वतःच निदान केले, "मुका मार आहे." हाडांच्या डॉक्टरचे हाड मोडले तर तो मुका मारच असतो, इतर कोणाचे असते तर बाईंनी लांबूनच ओळखले असते. त्यांनी डाव्या हाताने रुग्ण तपासायला सुरुवात केली. मुख्य सिस्टरने समोर चहाचा कप ठेवला. बाईंनी उजवा हात पुढे केला. कप जागचा हलला नाही. सिस्टर म्हणाली, "बाई, चहा नंतर. आधी फोटो."

फोटोत मनगटाजवळ हाडाचे तुकडे झालेले दिसले. धातूची पट्टी बसवून स्क्रू लावणे भाग होते. आणि त्या मनगटावर काय अवलंबून होते, हे आम्हा सर्वांना ठाऊक होते. ड्रिल धरणारा हात तोच. बाईंनी आयुष्यभर दुसरे काही केले नव्हते, आणि मोकळेपणाने सांगायचे तर दुसरे काही त्यांना येतही नाही. त्यांच्या हातचा उपमा मी खाल्लेला आहे.

ऑपरेशन करणार होते धाकटे डॉक्टर, बाईंचेच शिष्य. ते इथे खांबाआड उभे आहेत. लपू नका, उंची फार आहे तुमची.

मी गळपट्टीच्या हाडाजवळ इंजेक्शन देऊन बाईंचा हात बधिर केला. झोपेचे औषध त्यांनी नाकारले. "मला ऐकायचंय." मध्ये हिरवा पडदा, पडद्याच्या अलीकडे बाईंचे डोके आणि मी, पलीकडे त्यांचा हात आणि बाकीचे जग. दंडाला रक्त अडवणारा पट्टा आवळलेला. तो फार वेळ ठेवता येत नाही, म्हणजे विलंबाला तिथे किंमत असते.

पहिले काही स्क्रू सुरळीत गेले. ड्रिल पुन्हा सुरू झाले. हाडाच्या पलीकडच्या भिंतीतून ते बाहेर पडते तेव्हा त्याचा सूर किंचित बदलतो. सर्जनांना हे ऐकू येते. मला आजवर कधीही आलेले नाही. त्या छिद्रात स्क्रू गेला आणि बाई म्हणाल्या,

"स्क्रू लांब झालाय. पाठीमागून बाहेर आलाय."

पडद्यापलीकडून धाकटे म्हणाले,

"नाही बाई, मोजून घेतलाय."

"मी सूर ऐकलाय. तिथे अंगठा उचलणारी स्नायूची दोरी आहे. झिजून तुटेल ती. थांब!"

धाकट्यांचा आवाज अगदी हळू आला, पण कापला नाही. "बाई, आज तुम्ही पेशंट आहात. तुम्ही थांब म्हणून चालत नाही. तुम्हीच शिकवलंय."

बाईंनी मान वळवून माझ्याकडे पाहिले. आजवर मी त्यांना संतापलेले पाहिले आहे, थकलेले पाहिले आहे, आणि एका बैठकीत अधीक्षकांवर फाईल उगारलेलेही पाहिले आहे. तो चेहरा मी पाहिला नव्हता. पण ओळखीचा होता. पडद्याच्या अलीकडे मला रोज तोच चेहरा दिसतो, फक्त माणसे वेगळी असतात.

"भूलराज," त्या म्हणाल्या, "तुम्ही बोला."

मित्रहो, मी काय करायला हवे होते? मॉनिटरवर नाडी धावत होती. ती बाईंच्या ज्ञानाची होती की भीतीची? हे सांगणारे यंत्र अद्याप निघालेले नाही. बोललो, तर ज्याच्या हाती तो हात आहे त्याच्या मनात नेमक्या वेळी शंका पेरतो. गप्प राहिलो आणि बाई बरोबर असल्या, तर त्या अंगठ्यासकट सगळेच संपले. पट्ट्याचे घड्याळ चालले होते. सिस्टर हातातला चिमटा तसाच धरून माझ्याकडे पाहत होती.

मी म्हणालो, "थांबा."

धाकट्यांनी हत्यार ठेवले. डोळे वटारले नाहीत. कोपर वाकवून हात उभा केला आणि हाडाची पाठ दिसेल असा तिरपा फोटो घ्यायला लावला. सिस्टरने पडदा बाजूला करून यंत्राचा स्क्रीन बाईंकडे फिरवला. बाईंनी बराच वेळ पाहिले.

स्क्रू हाडाच्या आत होता. जिथे असायला हवा तिथे, जेवढा हवा तेवढा.

मग बाई छताकडे पाहत म्हणाल्या, "माझ्यापेक्षा चांगला बसलाय रे." आणि मला, "भूलराज, आता झोपवा मला. इथे माझं काम नाही."

मी औषध दिले. आमच्या अवघ्या सहवासात बाईंनी माझे ऐकण्याची ती पहिली वेळ.

त्यानंतर प्रवचनात एका वाक्याची भर पडली. आता बाई खाटेवर बसल्या की आधी म्हणतात, "भीती वाटेल. मलाही वाटली. नसलेले आवाज ऐकू येतील. या भूलराजांना सांगा, ते थांबवतात."

पुढे व्यायाम आले. आमचे फिजिओथेरपिस्ट मनगट फिरवू लागले की बाई ओरडत, "माणूस आहेस की राक्षस?" ते शांतपणे म्हणत, "बाई, हे कालच्या आजीही म्हणाल्या. तुम्ही शिकलेल्या, काहीतरी नवीन बोला." बाई नवीन बोलत. ते सभेत सांगण्याजोगे नाही. हळूहळू कप उचलला गेला, सही जमली, कुलपात किल्ली फिरली. यजमानांनी पेढे वाटले. पूर्वार्ध ऐकणाऱ्यांत तेही होते, हे मी नमूद करून ठेवतो.

आणि आता माझे स्टूल. विषयांतर नाही, धीर धरा. थिएटरमध्ये मला बसायला एक फिरते स्टूल आहे. त्याच्या बैठकीखालचा स्क्रू रोज ढिला होतो. वर्षानुवर्षे बाई पहिल्या ऑपरेशनआधी, हात धुण्यापूर्वी, एका जुन्या पेचकसाने तो आवळीत आल्या. "पडाल आणि माझाच पेशंट व्हाल," असे म्हणत.

बऱ्या होऊन परतल्यावर पहिल्याच सकाळी त्यांनी पेचकस घेतला. वाकल्या. स्क्रू फिरला, फिरला, आणि शेवटचा अर्धा पीळ काही येईना. मी नळ्या तपासण्याचा अभिनय करत होतो. सिस्टर ट्रेमधली तीच हत्यारे पुन्हा पुसत होती. बाईंनी श्वास घेऊन पुन्हा जोर लावला. मनगट जिथवर जायचे तिथवर गेले आणि थांबले. हाड उत्तम जुळले होते. स्क्रू जागच्या जागी होते. कोणाचीही चूक नव्हती.

त्यांनी पेचकस खिडकीत ठेवला आणि धाकट्यांना म्हणाल्या, "आजचं तू कर. मी बघते." दुसऱ्या दिवशीही त्या बघतच होत्या. त्यानंतरच्या आठवड्यात त्यांनी अधीक्षकांना निवृत्तीचे सांगितले. आम्ही सगळ्यांनी कारणे विचारली. त्यांनी वय सांगितले, नातवंडे सांगितली, बागकाम सांगितले. बाईंना बागकाम! असो.

बाई, ज्या थिएटरमध्ये शिष्य गुरूला नाही म्हणू शकतो आणि तरीही थांबून बघतो, ते थिएटर तुम्ही आमच्या हाती देऊन चालला आहात. आम्ही ते सांभाळू.

अध्यक्षांनी बोलू दिले, श्रोत्यांनी झोप न घेता ऐकले, व्यवसायामुळे मला याचे विशेष अप्रूप आहे, त्याबद्दल सर्वांचा ऋणी आहे. कोणाचे दुखणे नकळत चारचौघांत उघडे पडले असल्यास उदार मनाने पोटात घालावे; उपम्याचा उल्लेख मात्र मागे घेत नाही.

जाता जाता एकच निवेदन, अध्यक्ष महोदय. स्टूल अजून डुगडुगते. धाकटे डॉक्टर म्हणतात, ते देखभाल विभागाचे काम. देखभाल विभाग म्हणतो, थिएटरमधल्या वस्तूला हात लावायला आम्हाला परवानगी नाही. पेचकस खिडकीत आहे, त्याला अजून कोणी हात लावलेला नाही. उद्या सकाळी पहिलेच ऑपरेशन कमरेचे आहे, ते लांबते. मी बसायचे कशावर?